हाडोळ्यातले धिप्पाड पूर्वज

लातूर,
२४ सप्टेंबर १९८२

प्रिय अक्का,

ख्रिस्तात सलाम, आणि तुमच्या पद्धतीनं जयभीम.

परवा प्रागहून परत आलो. शांतता परिषद छान झाली. जगात शांतता नांदावी असा ठराव आम्ही एकमतानं केला. जेवणाच्या रांगेत थोडी ढकलाढकली झाली, ती सोडून दे.

इकडं लातूरचा जिल्हा झालाय आणि माणसं अंगात आल्यासारखी वागतायत. ज्याच्या त्याच्या पाटीवर ‘जिल्हा’ चढलाय. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा आता जिल्हा इस्त्री केंद्र आहे. पाऊस मात्र तालुक्याला पुरेल इतकाही झाला नाही. चर्चची विहीर तळाला गेली आहे आणि बाप्तिस्म्याच्या हौदात पाली फिरतात.

आता मुद्दा. परिषदेनंतर आम्हाला कुट्ना होरा नावाच्या गावी नेलं होतं. तिथं दफनभूमीच्या मधोमध एक छोटं चर्च आहे आणि त्याचं खालचं चॅपेल माणसांच्या हाडांनी सजवलेलं आहे. खोटं नाही सांगत. सातशे वर्षांपूर्वी तिथल्या मठाधिपतीनं जेरुसलेमहून मूठभर माती आणून त्या जागेत टाकली. झालं, सगळ्या मुलखाला तिथंच पुरून घ्यायची हौस सुटली. मग महामारी आली, लढाया झाल्या, जागा पुरेना, तेव्हा जुनी हाडं उकरून आत रचून ठेवली. पुढं शंभरेक वर्षांपूर्वी एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराला बोलावून त्यांची आरास करवली. छतातून हाडांचं झुंबर लोंबतं. त्यात म्हणे शरीरातलं प्रत्येक हाड एकदा तरी आलंय. चारी कोपऱ्यांत हाडांचे ढीग मनोऱ्यासारखे रचलेत, जमीनदार घराण्याची निशाणी हाडांची, आणि कारागिराची सहीसुद्धा हाडांचीच. लोक लांबून लांबून बघायला येतात, अक्का.

तिथं उभा असताना मला आपलं चर्च आठवत होतं. हॅरिस पादरीसाहेबांनी कागदावर उंच टोकदार चर्च काढून दिलं, आणि खाजामियाँ गवंड्यानं जन्मात दर्ग्यांशिवाय काही बांधलं नव्हतं. म्हणून टोकाच्या जागी घुमट आला, शेजारच्या बाप्तिस्म्याच्या कोठीवरही घुमटी आली. अजूनही परगावचा एखादा माणूस चप्पल काढून आत येतो आणि क्रूस बघून गोंधळून परत जातो. अशा चर्चला कोण विचारणार?

आणि विचारायला हवं, कारण नव्या जिल्ह्यानं कचेरीपासून विश्रामगृहापर्यंत सरळ रस्ता आखलाय आणि तो आपल्या कबरस्तानातून जातो. उन्हाळ्याच्या आत मृतांना हलवा असं पत्र आलंय. नाही हलवलं तर खडीखाली जातील. म्हणून मी ठरवलंय: आपणच हाडं काढायची, धुवायची, कोठीत लावायची. मराठवाड्यात असं दुसरं काही नाही. एकदा प्रेक्षणीय स्थळ झालं की रस्ता आपोआप वाकडा होईल.

चांगुणा आजी तिथंच आहे. घुमटीच्या मधोमध तिला मानाची जागा द्यायची. आपल्या घरात तू सगळ्यांत मोठी, म्हणून परवानगी मागतो. आजीची जागा नेमकी कुठली, तेही कळव.

तुझा,
शांतवन


देगलूर,
३ ऑक्टोबर १९८२

चि. शांतवन,

अक्काचा जयभीम. पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्यानं, एकदा चष्मा काढून. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

परदेशी जाऊन माणसं घड्याळ आणतात, स्वेटर आणतात. तू हाडं आणलीस. बरं, तीही तिकडची नाहीत, आपलीच. आजीला झुंबरात टांगायची परवानगी मागणारं पत्र सबंध निजाम राजवटीत कुणी लिहिलं नसेल. तू रेव्हरंड आहेस की मंडप डेकोरेशनवाला?

आणि तुझ्या त्या परिषदेत तू हे सांगितलंस का, की आपलं चर्च ज्या रानात उभं आहे त्याला हाडोळा म्हणतात? गावाची मेलेली ढोरं ओढायची, त्याबदल्यात गावानं आपल्या माणसांना जो खडकाळ तुकडा दिला, तो हाडोळा. आपल्या मारोती आजोबांनी एक दिवस चावडीपुढं दोर टाकला आणि म्हणाले, “आजपून ढोर वडणार न्हाई. तुमचं तुमी बगा.” गावानं विहीर बंद केली, दळण बंद केलं. तेव्हा हॅरिससाहेब पाठीशी उभे राहिले, आणि आजोबांनी बाप्तिस्मा घेऊन तो तुकडा चर्चला दिला. माझ्या वडलांनी पुढं छप्पन साली आपली वाट धरली, तुझ्या वडलांनी चर्च सोडलं नाही. पण एक नेम दोन्ही घरांनी पाळला. आजोबांनी सांगितलं होतं, “माज्या घरात हाड येनार न्हाई.” आपल्याकडं मटण झालं तर कसायाकडून बिनहाडाची बोटी आणायची. नळी कधी कुणाच्या ताटात पडली नाही. लग्नाच्या पंगतीत मला कुणी नळी वाढली तर अजून ताट बाजूला सारते. आणि त्या माणसाचा नातू टोपलीभर हाडं देवघरात नेतो म्हणतो.

रस्त्याचं दुःख मला आहे, शांत्या. आजी गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिला त्या रानात माती दिली, कारण जिवंतपणी तिच्या नावाची तेवढीच जागा होती. तिच्यावरून कुणा साहेबाची जीप जाऊ नये असं मलाही वाटतं. तू साधा अर्ज कर. सह्या गोळा कर. आजीला जमिनीत राहू दे.

जागा सांगणार नाही.

इथं टँकर चार दिवसांआड येतो. शाळेच्या पोरी दप्तरात घागर घेऊन येतात आणि मी मुख्याध्यापिका म्हणून डोळे मिटते.

तुझी,
अक्का


लातूर,
१८ नोव्हेंबर १९८२

प्रिय अक्का,

तू सांगितलंस म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की मृतांना स्थलांतराची अडचण नसावी. मग साहेबरावांकडं गेलो. ते रस्ता समितीचे अध्यक्ष, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट त्यांचेच, म्हणजे रस्त्याबद्दल त्यांना मनापासून आस्था आहे. पान लावत म्हणाले, “पादरीबाबा, मेलेल्या मानसाला काय कळतंय? तुमीच म्हंता ना आत्मा वर गेला म्हून?” धर्मशास्त्रात मला कुणी असं हरवलं नव्हतं.

तेव्हा रागावू नकोस, मी काम सुरू केलंय. पवित्र काम म्हणून बाहेरचा मजूर लावला नाही. आपल्या तरुण संघाची कॉलेजातली पोरं खणतात. जुन्या कबरींवर दगड नाहीत, त्यामुळं ओढ्याच्या अंगाला जिथं माती भुसभुशीत लागली तिथं सुरुवात केली. आणि अक्का, काय सांगू!

आपले पूर्वज राक्षसासारखे होते. शब्द चुकला, धिप्पाड होते. एकेक मांडीचं हाड असं, की आमच्या संघाचा सेक्रेटरी विनायक ते दोन्ही हातांनी उचलतो. बरगड्या विळ्यासारख्या. मी माझ्या मांडीशी लावून पाहिलं आणि लाज वाटली. पन्नास वर्षं चहा-बिस्किटांवर राहून आपण किती खुरटलो! हीच माणसं गावानं वेशीबाहेर ठेवली. भीतीपोटीच ठेवली असणार. या विषयावर मी गेल्या रविवारी प्रवचन केलं. मंडळी रडली.

खाजामियाँचा नातू फारूक परांची बांधायला येतो. पहिल्या दिवशी त्यानं हाडांच्या ढिगाला एक फेरी मारली. मग मिशीत हसत म्हणाला, “पादरीसाब, तुमचे पुरखे लई तगडे हुते.” मी म्हणालो, हो. म्हणाला, “चार पायांवर हुबं ऱ्हायल्यागत मजबूत.” मी आमेन म्हणालो. आपल्या लोकांविषयी परक्याच्या तोंडून इतकं चांगलं मी क्वचितच ऐकलंय.

सोबत फोटो पाठवतो. हौद कोरडाच होता, त्यात हाडं चुन्यात बसवली आहेत. झुंबर अर्धं झालंय.

बाहेर वास फार सुटलाय. छावणीतली ढोरं पटापट मरतायत आणि हाडांचे ट्रक चर्चवरून कारखान्याकडं जातात. मी तर रुमाल लावून तोंड फिरवतो, बघवत नाही.

आजीची जागा?

तुझा,
शांतवन


देगलूर,
९ डिसेंबर १९८२

चि. शांतवन,

तुला शिव्या द्यायला बसले होते. शाईसुद्धा नवी भरली होती. पण फोटो समोर होता.

खरंच सांगते, रडले. ते मधलं लांब हाड पाहून वाटलं, या हातानं कुणी गावाच्या वेशीपर्यंत ओझी वाहिली असतील. मग मी काय केलं असेल? फोटो शाळेत नेला आणि स्टाफरूममध्ये दाखवला. देशमुख मास्तर स्वतःच्या घराण्याच्या तलवारीबद्दल दर सोमवारी सांगतात. मी म्हटलं, तुमची तलवार बघू, आमची मांडी बघा. त्या सोमवारी तलवार निघाली नाही. तू मला बिघडवतोयस.

तरी दोन गोष्टी विचारते. एक, डोकी कुठं आहेत? इतक्या मांड्या आणि एकही डोकं नाही? आपले लोक डोक्याविना जगले असं देशमुखांनी म्हटलं तर मी काय सांगू? दुसरी, आजी एवढीशी होती. दाराची कडी काढायला उखळावर चढायची. या थोराड हाडांत ती नाही. हे कुणी आजोबांचे आजे-पणजे असतील, पैलवान असतील, लावायचे तर लाव बापडे. पण आजीला हात लावू नकोस. तिनं आयुष्यभर कुणाला तोंड दाखवलं नाही, पदर नाकापर्यंत असायचा. तिला तिकडच्या तिकिटवाल्यांपुढं उघडी ठेवू नकोस, एवढंच मागते.

फारूकला जास्त बोलू देऊ नकोस. परांची बांध म्हणावं.

अक्का


लातूर,
१६ जानेवारी १९८३

प्रिय अक्का,

डोक्यांचा प्रश्न मलाही पडला होता. विचारांती असं दिसतं की कवटी पातळ असते, काळ्या मातीत विरून जाते. कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला विचारलं. तो इतिहासाचा आहे, पण म्हणाला शक्य आहे.

उद्घाटन सहा फेब्रुवारीला. नव्या जिल्ह्याचे एक मोठे साहेब येतायत. जिल्ह्यात बघायला काय आहे असा वरून प्रश्न आलाय आणि त्यांच्याकडं उत्तर कमी पडतंय. साहेबराव अध्यक्षस्थानी. त्यांना बोलावलं नसतं तर मांडवच पडला असता. रस्त्याचं काम एक मार्चला लागणार, खडीचे ढीग कुंपणाला टेकले आहेत. म्हणजे हा एकच मोका आहे. साहेबांना आवडलं तर आखणी बदलेल. नाही आवडलं तर आजी जीपखाली.

म्हणून अक्का, घुमटीच्या मधोमध काहीतरी असं हवं की माणूस थबकला पाहिजे. मधली जागा रिकामी आहे. आजीला तिथं ठेवू दे. मी तिचं तोंड रेशमी पडद्यानं झाकून ठेवीन, वचन देतो. तुझ्याइतकंच मलाही तिला गमावायचं नाही. मी तिच्या मांडीवर कधी बसलो नाही, मी जन्मलो तेव्हा ती आजारी होती. मला तिची एवढी एकच गोष्ट मिळणार आहे.

तुझं उत्तर आलं नाही तर लिंबाखाली खणतो. मला वाटतं ती तिथंच असावी.

शांतवन


देगलूर,
२४ जानेवारी १९८३

चि. शांतवन,

लिंबाला हात लावू नकोस. आजी तिथं नाही. विहिरीच्या पलीकडं, बांधाच्या कोपऱ्यात तरवडाचं झुडूप आहे, तिथं बघ. जे मिळेल ते एकच घे आणि बाकीचं बुजव.

सहा तारखेला येता येणार नाही. शाळा तपासणी आहे.

अक्का


लातूर,
८ फेब्रुवारी १९८३

प्रिय अक्का,

बसून लिहितोय, कारण बाहेर जायची सोय राहिली नाही.

तू सांगितलेल्या कोपऱ्यात एक रुंद, पसरट हाड मिळालं. खांद्याचं. मी ते स्वतः उचललं, दुधानं धुतलं. आजी लहान होती असं तू म्हणाली होतीस, पण खांदा रुंद निघाला. मला वाटलं, एवढं ओझं वाहून रुंद झाला असेल. घुमटीच्या मधोमध बसवलं, वर जांभळा रेशमी पडदा.

सहा तारखेला मांडव भरला. दुष्काळ असल्यामुळं लोकांना काम नाही, आणि शेवटी लाडू होते. साहेबांनी पडदा बाजूला केला, हार घातला, हात जोडले. साहेबराव माइकवर म्हणाले, “या मातीत असे वाघासारखे पूर्वज निपजले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपण हा जिल्हा उभा करू.” टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत संगप्पा बसले होते. तेच, वेशीजवळचे जुने शेतकरी, आजोबांना ओळखणारे म्हणून मीच त्यांना मानानं बसवलं होतं. ते उठले, जवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले,

“आवं पादरीबाबा, ह्यो तर बैलाचा फरा हाय!”

मी म्हणालो, काका, हा माझ्या आजीचा खांदा आहे. ते म्हणाले, “तुजी आजी चार पायाची हुती का? आन ते झुंबर? ती म्हशीची बरगडी हाय. ह्यो गाईचा पाय. ह्यो बी गाईचाच.” मग मांडवातले शेतकरी एकेक करून पुढं आले. कुणी हौदाकडं गेला, कुणी भिंतीकडं. “ह्यो खोंड लई चांगला असंल,” असं एकजण म्हणाला, अगदी खऱ्या हळहळीनं. मग हसू फुटलं. अक्का, दुष्काळात आख्खं लातूर इतकं हसलेलं मी पाहिलं नाही. साहेबांच्या हातात दुसरा हार होता, तो त्यांनी कुणालाच घातला नाही. साहेबराव चपला शोधायला लागले.

संगप्पा वाईट माणूस नाही. सगळे गेल्यावर माझ्याजवळ बसले. म्हणाले, “बुळकांडीच्या साली आख्ख्या गावाची ढोरं मेली. कातडं सोलाया बी कुनी हात लावंना. तुज्या आज्यानं एकट्यानं वडून वडून आपल्याच रानात पुरली. गावानं मुंडकी तेवडी नेली, बांधावर टांगाया, पिकाला नजर लागू नये म्हून. शेवटलं ढोर पुरलं, आन दुसऱ्या दिशी चावडीवर यून दोर टाकला.”

म्हणजे डोकी गावाकडं गेली आणि बाकी सगळं आपल्याकडं राहिलं.

आता मी काय करू? बिशपसाहेबांचं एका ओळीचं पत्र आलंय: ‘येऊन भेटा.’ विनायक कॉलेजला जात नाही, पोरं त्याला पाहून हंबरतात. मी ज्या प्रवचनानं मंडळींना रडवलं ते म्हशीवर होतं. आणि एक मार्चला रस्ता. आजीला वाचवायला निघालो आणि तिचाच तमाशा केला. तिच्याऐवजी बैलाला दुधानं न्हाऊ घातलं. राजीनामा लिहून ठेवलाय.

काहीतरी लिही. शिव्या लिही.

शांतवन


लातूर,
१९ मार्च १९८३

प्रिय अक्का,

सव्वा महिना झाला, तुझं उत्तर नाही. रागावली असशील. तरी लिहितो, कारण जे घडलं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. कदाचित पेपरात येईल, आणि तिथं ते वेगळं असेल.

रस्ता वळला.

फेब्रुवारीच्या शेवटी साहेबरावांनी कचेरीवर शिष्टमंडळ नेलं. पुढं झांजा, मागं माणसं. मागणी काय? गोमातेच्या अस्थींवरून डांबर पडू देणार नाही! हाच माणूस ऑक्टोबरात पान लावत मला विचारत होता, मेलेल्याला काय कळतंय. आता गळा काढून सांगत होता की त्या मुक्या जिवांना तरी शांती मिळू द्या. मी गर्दीत उभा होतो. कुणीतरी माझ्या कपाळालाही गुलाल लावला.

चार दिवसांत नवी आखणी आली. आमच्या अर्जाला नुसतं उत्तर यायला पंधरा दिवस लागले होते. रस्ता आता ओढ्याच्या पलीकडून जातो, तिकडंही साहेबरावांचेच प्लॉट निघाले. कुंपणावर मोठी पाटी लागली आहे, ‘पवित्र गोभूमी, येथे थुंकू नये.’ आतल्या शंभर-दीडशे ख्रिस्ती माणसांबद्दल पाटीवर काही नाही. म्हशींबद्दलही नाही. म्हशींना निदान सोबत आहे.

मी हसलो नाही, अक्का. मला फार राग आला. पन्नास वर्षं आपली माणसं तिथं झोपली आहेत, त्यांच्यासाठी एक दगड हलला नाही. मग संध्याकाळी कबरस्तानात गेलो, खडीचे ढीग उचलून नेले होते, सगळं जसंच्या तसं होतं. तेव्हा राग गिळला. आजी सुखरूप आहे, एवढं धरून बसलो.

बिशपसाहेबांनी राजीनामा फाडला. म्हणाले, पुढच्या परिषदेला दुसऱ्या कुणाला पाठवू. फारूकनं आणि मी मिळून झुंबर उतरवलं, सगळी हाडं पुन्हा ओढ्याच्या अंगाला पुरली. मी त्याला विचारलं, तुला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाला, “मैं तो पैल्याच दिवशी बोललो हुतो. तुमी आमेन म्हणालात.”

कोठीच्या भिंतीत चुन्याचे खळगे राहिलेत. विचार करतोय की त्यात दिवे ठेवावेत. पाऊस आला तर हौदात पुन्हा पाणी.

आता तरी सांग, आजी कुठं आहे? खणायला नको, नुसतं एखादं फूल ठेवायचंय. तरवडाखाली नव्हती. लिंबाखाली आहे का?

शांतवन


देगलूर,
२ एप्रिल १९८३

चि. शांतवन,

रागावले नव्हते. तुझं आठ तारखेचं पत्र शाळेत उघडलं. ‘तुजी आजी चार पायाची हुती का’ इथं आले आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन धावला. देशमुख मास्तर विचारायला आले. त्यांना सांगितलं, घराण्यातली एक म्हैस गेली. मग दार लावून घेतलं आणि रडले. त्यानंतर लिहायला सुचत नव्हतं.

आधी माझं सांगते. तरवडाखाली आजी नव्हती, हे मला माहीत होतं. तुला लिंबापासून लांब न्यायचं म्हणून ते ठिकाण मी घरी बसून ठरवलं. पण लिंबाखाली आहे असंही नाही. शांत्या, मला माहीतच नाही ती कुठं आहे. मी सात वर्षांची होते, कुणाच्या तरी पदराला धरून होते, पाय फार दिसत होते आणि माती पडल्याचा आवाज आला. दगड ठेवला नव्हता. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की जागा फक्त मला ठाऊक आहे. तेवढा एक मान होता, तो सोडवत नव्हता. आता सोडला. फूल कुठंही ठेव. सगळं रानच तिचं आहे.

साहेबरावांच्या झांजांबद्दल वाचून माझीही तळपायाची आग मस्तकाला गेली. माणसांची हाडं त्यांना आडवी आली नाहीत, गाईची आली. पण नंतर हिशेब लावला. ती ढोरं कुणी ओढली? आजोबांनी. कुणाच्या रानात पुरली? त्यांच्याच. गावाला नको होती म्हणून आपल्या दारात आली, आणि शेवटी तीच आजीच्या उशाशी राखण करत बसली. आजोबांना त्या कामाची मजुरी कधी मिळाली नव्हती. आता मिळाली असं मी धरते, साहेबरावांना कळू देऊ नकोस.

राहता राहिली तुझी लाज. तू लिहितोस, तमाशा झाला, लोक हसले, पादऱ्याला बैलाचं हाड ओळखता येत नाही. हसू दे. मलाही नाही आलं. मी तर फोटो छातीशी धरून रडले. एक रेव्हरंड आणि एक मुख्याध्यापिका, दोघं मारोतीची नातवंडं, त्यांना बैलाचा फरा आणि माणसाचा खांदा यांतला फरक कळला नाही. मांडवातल्या प्रत्येकाला कळला, फक्त आपल्या घराला कळला नाही. आजोबांनी दोर टाकला, विहीर गमावली, धर्म बदलला, पोरांच्या ताटातली नळी काढून घेतली, ते कशासाठी? नेमकं याचसाठी ना? त्या मांडवात ते असते तर सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले असते, आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले असते, “झालं माजं काम.”

तेव्हा तोंड वर करून बाजारात जा. विनायकला कॉलेजात पाठव, कुणी हंबरलं तर त्याला म्हणावं, तुझ्या आज्यानं तुला शिकवलं ते माझ्या आज्यानं मला शिकवलं नाही.

मेच्या सुट्टीत येते. मटण कर. कसायाला आधीच सांगून ठेव, नळी नको.

तुझी,
अक्का